सिकलसेल हे मागच्या जन्माचे पाप नव्हे



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन करायची ती वस्तीतलीच एक मुलगी. वय बावीस-तेवीस, बी.ए. झालेली, आवाज खणखणीत. ती सिकलसेलची रुग्ण आहे. तीन रविवार ती आली नाही, म्हणून आम्ही घरी गेलो.

आईने चहा ठेवला आणि हळूच सांगितले, "ताई, तिचा खुबा धरला आता. मांडी घालता येत नाही. खुर्चीवर बसली, तर कोणी म्हणलं, भगवंताच्या मूर्तीपुढं खुर्ची टाकून बसते. मग म्हणाली, मी येतच नाही. काय करता, मागच्या जन्माचं काही असन तिचं."

मुलगी आतल्या खोलीत होती. तिने हे ऐकले. आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात हे वाक्य पुष्कळदा ऐकले आहे, पण बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून ऐकताना ते जास्त लागले. म्हणून आजचा पाठ.

आजार कसा होतो?

विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांत, आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल बराच आढळतो. हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे रक्त अडते तिथे असह्य वेदना होतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पोहोचले नाही, तर तो भाग हळूहळू झिजतो. लोक याला 'खुबा धरला' म्हणतात. त्यातून लंगडेपण येते.

एक सिकलसेल जनुक असलेला 'एएस', म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही. आई आणि वडील या दोघांकडूनही तो जनुक आला, तर मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. यात एकट्या आईचा दोष नाही, वडिलांचा नाही आणि मुलीचा तर नाहीच नाही.

मग कर्माचे काय?

राजगृहात मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना हाच प्रश्न विचारला होता. माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच होते, असे काही लोक म्हणतात. आपले म्हणणे काय? भगवंतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. सगळे काही पूर्वकर्माचेच, हे म्हणणे त्यांनी चुकीचे ठरवले. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर आहे. आजार दिसला की आधी शरीरातले कारण शोधा, असे आम्ही त्यातून शिकतो.

बाबासाहेब आणखी पुढे गेले. मूल आईवडिलांकडून आनुवंशिकतेने गुण घेते, या विज्ञानाच्या बाजूने त्यांनी आपल्या ग्रंथात मांडणी केली. पूर्वजन्मीच्या कर्माची शिकवण समाजाला दुबळ्यांच्या जबाबदारीतून मोकळे करते, हेही त्यांनी दाखवले. सिकलसेलच्या घरात हे तंतोतंत दिसते. 'तिचे कर्म' म्हटले, की रक्त तपासायला नको, दवाखाना नको आणि विहारात खुर्चीही नको.

बाबासाहेब स्वतः मधुमेहाने आजारी होते. त्यांनी आजाराची लाज बाळगली नाही, औषधे घेतली, इन्सुलिन घेतले, आणि त्याच देहाने १९५६ मध्ये आपल्याला धम्म दिला.

दोन बाण

भगवंतांनी एक दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, तो देहाचे दुःख. त्यावर तो शोक करतो, कुढतो, तेव्हा स्वतःलाच दुसरा बाण मारून घेतो. आमचा अनुभव असा की, अपंग माणसाला हा दुसरा बाण बरेचदा आपणच मारतो. 'हिचे लग्न कसे व्हायचे', 'घराला भार' अशी वाक्ये रोज ऐकून मूल तेच स्वतःबद्दल म्हणू लागते.

पहिल्या बाणाला औषध लागते. श्रद्धा औषधाची जागा घेत नाही. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांनी दिले असेल, तर रोज घ्यावे, वेळोवेळी रक्त तपासावे आणि मनाने बंद करू नये. लग्न झालेल्या मुलींनी मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. फॉलिक ॲसिड घ्यावे, भरपूर पाणी प्यावे, थंडीत ऊब ठेवावी, अतिश्रम टाळावेत. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, हातपाय अचानक लुळे पडणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. जांघेत सतत दुखत असेल, तर अस्थितज्ज्ञांना दाखवावे.

दुसरा बाण काढायला धम्म उपयोगी पडतो. दुखत असताना श्वासावर लक्ष ठेवून 'हे दुखणे आहे, हे म्हणजे मी नव्हे' असे पाहायला शिकता येते. दुखणे त्याने जाईलच असे नाही. लाज मात्र कमी होते, हे आम्ही पाहिले आहे.

खुज्जुत्तरेचे आसन

त्या दिवशी आम्ही मुलीला खुज्जुत्तरेची गोष्ट सांगितली. कौशाम्बीच्या राणी सामावतीची ती दासी. पाठीला कुबड. फुले आणायला गेली असता तिने भगवंतांचा उपदेश ऐकला आणि परत येऊन राणीला व अंतःपुरातील स्त्रियांना सांगितला. सांगण्यापूर्वी तिला उंच आसन देण्यात आले आणि राणीसह सगळ्या खाली बसल्या. पुढे भगवंतांनी तिला बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्र म्हटले. तिचे कुबड पूर्वकर्माने आले, असे नंतरच्या अट्ठकथेत येते. आपण ते सीवकाला दिलेल्या उत्तराच्या कसोटीवर घासून बाजूला ठेवावे.

मुलगी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ती पण उंचावरच बसली होती." पुढच्या रविवारी विहारात खुर्ची ठेवली. तिथे बसून तिने वाचन केले. खुबा अजून दुखतो, उपचार चालू आहेत. आईने मात्र ते वाक्य पुन्हा काढले नाही.

हक्काचे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढावे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो. सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात रक्तविकार नाहीत. पण खुब्यामुळे चालण्यात दोष आला असेल, तर त्याची अस्थिव्यंग म्हणून वेगळी तपासणी मागावी. रक्ताची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. लग्न ठरवण्याआधी ती दोघांचीही करावी.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या विहारात पायऱ्यांना कठडा व उतार आहे का? खुर्च्या आहेत का?
२. पंचांग प्रणाम जमत नाही, त्यांनी बसून हात जोडले, तर आपण काय म्हणतो?
३. वाचन, सूत्रसंचालन, हिशेब यांपैकी कोणते काम आपण दिव्यांग बांधवांकडे दिले आहे?
४. 'मागच्या जन्माचे' हे वाक्य आपल्या घरात शेवटचे कधी बोलले गेले?

जय भीम.