एक वीज, अनेक दर

दुकानातील धान्य डोळ्यांसमोर तोलून मिळते. वीज मात्र न दिसता घरात येते आणि न दिसताच खर्च होते. हाती पडते ते केवळ तिचे देयक. ते वाचता येणे हे प्रत्येक गृहस्थाच्या हिताचे आहे.

नेवाळकरांच्या काळापासून झाशीत स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबे आजही तेथे नांदत आहेत. सणावारी पुण्या-मुंबईचे आप्त आले, की घरखर्चाच्या गोष्टी निघतात. मग साहजिकच प्रश्न पडतो : वीज एकच, तर झाशीचा दर निराळा आणि पुण्याचा निराळा, असे का?

जेथे वीज निर्माण होते तेथे ती स्वस्त असावी, असा अनेकांचा समज असतो. झाशीपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, बेतवा नदीकाठी पारीछा येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. परंतु त्यामुळे झाशीकरांना वीज स्वस्त पडत नाही. एक तर केंद्राला लागणारा कोळसा दूरच्या खाणींतून रेल्वेने आणावा लागतो. दुसरे असे, की तयार झालेली वीज त्या गावापुरती न राहता वाहिन्यांच्या जाळ्यात मिसळून जाते. उत्तर प्रदेशातील सरकारी वितरण कंपन्यांचे दर राज्यभर सारखे आहेत. म्हणून झाशीच्या आणि दूरच्या गोरखपूरच्या एकाच वर्गातील ग्राहकांना दर एकच लागतो.

राज्याची सीमा ओलांडली, की मात्र दर बदलतो. वीज कायदा, २००३ अन्वये घरगुती वीजदर ठरवण्याचे काम राज्य विद्युत नियामक आयोगाकडे आहे. वीजखरेदीचा खर्च, वाहिन्यांतील गळती, वीजचोरी आणि उद्योगांकडून मिळणारे उत्पन्न या बाबी राज्याराज्यांत भिन्न असतात. आयोग त्यांचा विचार करून दर ठरवतो. त्यावर सरकार अनुदानही देऊ शकते. झाशीपासून वीस किलोमीटरांच्या आत असलेले ओरछा मध्य प्रदेशात आहे. त्या राज्याने २०१९ साली एक सवलत योजना सुरू केली. महिन्याला १५० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घरांना पहिली १०० युनिट १०० रुपयांत देण्याची ती योजना होती. शेजारच्या झाशीला ती लागू नव्हती.

एकाच राज्यातही भेद असतात. झाशी शहरातील आणि जिल्ह्याच्या खेड्यांतील घरगुती दर वेगवेगळे आहेत. मुंबईत तर बेस्ट, टाटा, अदानी आणि महावितरण अशा चार वितरकांकडून वीज मिळते. त्यांचा खर्च निराळा, म्हणून दरही निराळे.

आता देयकाचा हिशेब पाहू. उत्तर प्रदेशाच्या २०२२-२३ च्या दरपत्रकात शहरी घरगुती ग्राहकास पहिल्या १५० युनिटना प्रत्येकी ५.५० रुपये, १५१ ते ३०० युनिटना ६ रुपये आणि त्यापुढे ६.५० रुपये असा दर होता. एखाद्या घरात १६० युनिट वीज खर्च झाली, तर सर्व युनिटना ६ रुपये लागत नाहीत. पहिल्या १५० युनिटचे ८२५ रुपये आणि उरलेल्या १० युनिटचे ६० रुपये, असे ८८५ रुपये होतात. वाढीव दर केवळ वरच्या युनिटना लागतो, हे ध्यानात ठेवावे.

याशिवाय मंजूर भारावर स्थिर आकार असतो. त्या दरपत्रकानुसार तो दरमहा प्रति किलोवॅट ११० रुपये होता. म्हणजे दोन किलोवॅट भार मंजूर असलेल्या घरास दरमहा २२० रुपये. कुटुंब दोन महिने पुण्यास गेले आणि घराला कुलूप असले, तरी हा आकार चुकत नाही. म्हणून गरजेपेक्षा अधिक भार मंजूर करून घेऊ नये. अखेरीस या रकमांवर वीजशुल्क लागते.

दर ठरण्यापूर्वी वितरण कंपनीचा प्रस्ताव वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतो. आयोग हरकती मागवतो व जनसुनावणी घेतो. तेथे सामान्य ग्राहकही आपले म्हणणे मांडू शकतो. देयक समजून घेणाऱ्यालाच ती हरकत नेमकी मांडता येते. न समजणाऱ्यास मागितलेली रक्कम मुकाट्याने भरावी लागते.

स्वाध्याय
१. पारीछा येथे वीज निर्माण होऊनही झाशीत ती स्वस्त का नाही?
२. पाठातील दराने, दोन किलोवॅट भार मंजूर असलेल्या घराच्या २०० युनिट वापराचे स्थिर आकारासह, वीजशुल्क वगळून, मासिक देयक काढा.
३. आपल्या घरच्या देयकातील मंजूर भार आणि स्थिर आकार शोधून लिहा.