वळताना गाडी कटकट का करते?

गौतमपुरा ते इंदूर हा प्रवास आम्ही अनेक वर्षे आमच्या लहान मोटारीने करीत आलो आहोत. देपालपूरवरून जाणारा रस्ता डांबरी आहे. परंतु शेताच्या वाटेने गाडी काढावयाची म्हणजे पावसाळ्यात माळव्याची काळी चिकण माती आणि उन्हाळ्यात तिचीच धूळ, यांतून सुटका नाही. एका दिवाळीच्या सुमारास आमची गाडी वळणावर 'कट्‌-कट्‌' आवाज करू लागली. सरळ रस्त्यावर ती गप्प असे. "चालते आहे ना, मग चालू द्या," असे म्हणून आम्ही दोन महिने काढले. पुढे एका रात्री शेजारच्या वहिनींना बाळंतपणासाठी इंदूरला नेत असता वळणावर मोठा आवाज झाला आणि गाडी जागीच थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी पुढे सरकेना. मागून आलेल्या एका दूधगाडीवाल्याने वहिनींना वेळेवर पोहोचविले, म्हणून निभावले. त्या रात्रीचा धडा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा आवाज समजण्यासाठी गाडीची रचना थोडी पाहू. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांत इंजिनाचा जोर मागील चाकांकडे जाई. पुढील चाकांचे काम केवळ वळण्याचे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तिच्यात इंजिन पुढील चाकांनाच फिरवी. आजच्या बहुतेक लहान मोटारी याच धाटणीच्या आहेत. म्हणजे पुढील चाकाने गाडी ओढावयाची, वळावयाचे आणि खड्ड्यांत वरखालीही व्हावयाचे. यासाठी ॲक्सलला लवचीक सांधा हवा.

जुना 'क्रॉस'चा सांधा येथे उपयोगी पडत नाही. तो कोनात फिरला की प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. कोन मोठा असल्यास चाकाला हिसके बसतील. अमेरिकेत फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड रझेप्पा यांनी 1920 नंतरच्या दशकात यावर तोड काढली. बाहेर एक वाटी, आत खोबणींचा गाभा, मध्ये पिंजऱ्यात बसविलेले सहा पोलादी छर्रे. दोन दांड्यांमधील कोन कितीही बदलला तरी छर्रे त्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात. त्यामुळे दोन्ही दांड्या सारख्याच वेगाने फिरतात. यालाच आपले मिस्त्री 'सी.व्ही. जॉइंट' म्हणतात. 1959 च्या इंग्रजी 'मिनी' मोटारीनंतर लहान गाड्यांत याचा प्रसार झाला.

या सांध्यावर घड्या असलेला रबरी बूट असतो व त्यात ग्रीस भरलेले असते. बूट फाटला की ग्रीस उडून जाते आणि माती-पाणी आत शिरते. खोबणी खरवडल्या जाऊन त्यांत खळगे पडतात. सरळ जाताना छर्रे जवळजवळ एकाच जागी असतात. वळताना ते खोबणीत पुढेमागे सरकतात व खळग्यांत आपटतात. हीच ती कटकट होय.

आता परीक्षा कशी करावी ते सांगतो. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पुष्कळसे वळवून गाडी हळू गोल फिरवावी, प्रथम एका दिशेस, मग दुसऱ्या. डावीकडे वळताना आवाज आल्यास दोष बहुधा उजव्या सांध्यात असतो, उजवीकडे वळताना आल्यास डाव्यात. पण एवढ्यावर विसंबू नये; बूट डोळ्यांनी पाहावा. रिमच्या आतील बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर खूण पक्की समजावी.

प्रत्येक आवाज सांध्याचाच असतो असे मात्र नव्हे. टायरात अडकलेला खडा सरळ जातानाही टकटक करतो. चाकाचे नट ढिले असणे तर धोक्याचेच. ते प्रथम तपासावेत. गाडी उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरविल्यावर आवाज आला, तर सस्पेन्शन अथवा स्टिअरिंगकडे पाहावे. एकसारखी घरघर बहुधा बेअरिंगची असते.

बूट फाटला, पण आवाज नाही, अशी वेळ असल्यास आपण भाग्यवान. सांधा उतरवून रॉकेलने स्वच्छ धुवावा, पूर्ण वाळवावा, नवे ग्रीस भरून नवा बूट चढवावा. येथे साधे ग्रीस चालत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले काळे ग्रीसच हवे. आवाज सुरू झाला असेल, तर ग्रीस भरून खळगे बुजत नाहीत. सांधा किंवा संपूर्ण ॲक्सल बदलणे हाच उपाय.

काम मिस्त्रीकडून करविताना चार गोष्टींवर लक्ष ठेवावे. हबचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. गाडी उचलल्यावर तिच्याखाली भक्कम स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. नवा बूट सांध्याच्या आधी दांडीवर चढवावा, नाहीतर सगळे पुन्हा उतरवावे लागते. शेवटी हबचा नट नवा घालून कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावा; अंदाजाने नव्हे. ॲक्सल काढताना गिअरबॉक्सचे तेल सांडते, तेही पुन्हा भरून घ्यावे.

त्या रात्री एकच सांधा मोडला असता सारी गाडी का थांबली, असे कोणी विचारील. डिफरेन्शियलचा स्वभावच तसा आहे. एक बाजू मोकळी झाली की सारे फिरणे तिकडे जाते आणि धडक्या चाकाला जोर मिळत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, चाकामागे बॅटरीचा उजेड टाकून रबरी बूट पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे. सांधा बोलू लागतो तेव्हा बूट फाटून बहुधा बरेच दिवस झालेले असतात. आम्ही तर बोललेलेही ऐकले नाही, आणि त्याचे मोल रस्त्यात उभ्या राहिलेल्या त्या माउलीला भोगावे लागले. वाचकांनी ते टाळावे.