संकष्टीच्या दिवशीची गोळी

माझी आई मधुमेहाच्या औषधाच्या बाबतीत काटेकोर. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड, दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन, सगळं तिला पाठ. तेवढेच काटेकोर तिचे उपास. संकष्टीला चंद्रोदयाशिवाय ती जेवत नाही, आणि चंद्र दिसेपर्यंत रात्रीचे नऊ तरी वाजतात. अशाच एका संकष्टीला तिनं नेमानं सकाळची गोळी घेतली आणि दिवस नुसत्या चहावर काढला. संध्याकाळी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलण्याचा मेळ लागेना. ग्लुकोमीटरवर साखर ४८ आली. ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात.

साखरपाणी पाजून तिला दवाखान्यात नेलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. त्याचा असर दिवसभर टिकतो, त्यामुळे वर आलेली साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून डॉक्टरांनी तिला रात्रभर ठेवून घेतलं.

इथवरचं सगळ्यांना दिसलं. खरं नुकसान पुढे झालं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आईनं गोळ्यांचा धसका घेतला. पुन्हा तसंच झालं तर, ही भीती ती कुणाजवळ बोलली नाही. गोळी घेणं तेवढं सोडून दिलं. विचारलं की "घेतली गं" म्हणायची. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी झाली, तेव्हा आकडा दहाच्या वर. टाचेची साधी भेग तोवर चिघळली होती.

घरात सगळे तिच्यावर चिडले. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. "आजी, बऱ्याच जणांच्या गोळ्या राहतात. तुमच्या गेल्या आठवड्यात किती राहिल्या? घ्यायला भीती वाटते का?" असं त्यांनी विचारलं आणि आईनं सगळं सांगून टाकलं. त्यांनी गोळी बदलली आणि उपासाच्या दिवशी काय घ्यायचं, ते वेगळ्या कागदावर लिहून दिलं. तो कागद आता देवघराशेजारी भिंतीवर चिकटवलेला आहे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, "गोळी घेतली का?" असा दरडावणीचा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर "हो" असंच येतं. का राहिली ते विचारा. कुणाचं मेटफॉर्मिननं पोट बिघडतं. ते जेवणानंतर घेतलं, किंवा डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, तर बहुधा सोसतं (ती गोळी मात्र कुटून किंवा चावून घ्यायची नसते). कुणाला महिन्याचा खर्च झेपत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. अशा वेळी जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी चालेल का, हे आपणच डॉक्टरांना विचारावं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळ्या बंद करणारे तर घरोघरी आहेत. रिपोर्ट त्या गोळ्यांमुळेच नॉर्मल आलेला असतो, हे त्यांना शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

श्रावण, नवरात्र, चातुर्मास यांच्या आधीच डॉक्टरांना भेटा. उपास करू नको म्हटलं तर आपली माणसं लपून करतात, त्यापेक्षा उपासासकट औषध बसवून घेतलेलं बरं. साबुदाण्यानं साखर झपाट्यानं चढते, हेही तेव्हाच बोलून घ्या. इन्सुलिन मनानं कधीच बंद करू नये. एक गोळी राहिली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

साखर उतरल्याची लक्षणं दिसली, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८ ला फोन करा.

आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या, अर्ध्या राहिलेल्यासुद्धा. कंपन्यांची नावं वेगळी आणि आतलं औषध एकच, अशा दोन गोळ्या रोज घेणारी माणसं असतात. ते पिशवी टेबलावर रिकामी केल्यावरच कळतं.