कोकोचे मळे आणि खरेदीदारांची न्यायबुद्धि

आपला माल घेणारा व्यापारी सचोटीचा आहे किंवा नाहीं, याची चौकशी शेतकरी नेहमींच करितो. परंतु तोच व्यापारी माणसामाणसांतील समतेचा कैवार घेऊं लागला, त्या कार्यास देणग्या देऊं लागला व वर्तमानपत्रांतून तशीं मतें मांडूं लागला, म्हणजे त्याच्या बोलण्याची पारख कशी करावी, हा प्रश्न हल्लीं वरचेवर पुढें येतो. याविषयीं नुसता तर्क लढविण्यापेक्षां घडून गेलेलें एक प्रकरण आमच्या वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हीं योजिलें आहे. प्रकरण इंग्लंडांतील कॅडबरी या चॉकलेटच्या पेढीचें आहे. पण त्याचें मूळ शेतांत आहे.

चॉकलेट ज्यापासून होतें तो कोको म्हणजे एका झाडाच्या फळांतील बी. आपल्या कोकमाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. फळ थेट खोडाला लागतें व त्यांत तीसचाळीस बिया गरांत बसलेल्या असतात. त्या गरासह केळीच्या पानांखालीं पांचसहा दिवस आंबवून मग उन्हांत वाळवितात. आंबवणें साधलें नाहीं तर मालाची चव बिघडते. आपल्याकडे कोंकणांत नारळी-पोफळीच्या सावलींत या झाडाची थोडी लागवड होते. परंतु सन १९०० च्या सुमारास या पिकाचें एक मोठें आगर पश्चिम आफ्रिकेजवळील सां तोमे व प्रिन्सिपे हीं पोर्तुगीजांचीं बेटें हें होतें. कॅडबरीच्या कारखान्यास लागणारा सुमारें निम्मा कोको तेथून येत असे.

कॅडबरी घराणें क्वेकर पंथाचें. गुलामगिरीचा निषेध हा त्या पंथाचा जुना बाणा. बोर्नव्हिल येथें त्यांनीं कारखान्याजवळ बागांसह घरें असलेलें नमुनेदार गांव वसविलें होतें. अशा पेढीच्या विल्यम कॅडबरी यांच्या हातीं सन १९०१ मध्यें सां तोमे येथील एका मळ्याच्या विक्रीचा कागद आला. त्यांत मळ्याच्या इतर मालमत्तेबरोबर २०० काळे मजूर किंमत लावून मांडलेले होते! कायद्याच्या भाषेंत हे मजूर पांच वर्षांच्या करारानें आलेले. परंतु अंगोला प्रांताच्या अंतर्भागांतून त्यांस धरून आणीत, मुदत भरतांच करार पुन्हां लिहून घेत, आणि एकदां बेटावर गेलेला माणूस सहसा घरीं परतत नसे.

येथून पुढचीं आठ वर्षें अभ्यासण्यासारखीं आहेत. विल्यम कॅडबरी १९०३ मध्यें लिस्बन येथें जाऊन मळेवाल्यांशीं बोलले. १९०५ मध्यें पेढ्यांनीं जोसेफ बर्ट नांवाच्या गृहस्थास चौकशीकरितां आफ्रिकेंत पाठविलें. याच सुमारास नेव्हिन्सन नांवाचे वार्ताहर अंगोलांतील वाटांवर पायांत घालण्याचीं लाकडी खोडीं पडलेलीं पाहून आले व त्यांनीं १९०६ मध्यें त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. बर्ट यांचाही अभिप्राय तोच पडला. तरी खरेदी चालूच राहिली. पेढीचें म्हणणें असें कीं, मोठा गिऱ्हाईक असेपर्यंत आपल्या शब्दाला वजन आहे. खरेदी थांबली कीं तें वजन गेलें. ब्रिटिश परराष्ट्र खातेंही सबुरीचाच सल्ला देत होतें. कारण ट्रान्सवालच्या खाणींकरितां पोर्तुगीज मोझांबिकमधून मजूर हवे होते. हा युक्तिवाद सर्वस्वीं खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या आठ वर्षांत बेटावर मेलेल्या मजुराच्या दृष्टीनें त्याची किंमत काय?

सप्टेंबर १९०८ मध्यें लंडनच्या ‘स्टँडर्ड’ पत्रानें पेढीस दांभिक ठरविलें. टीका झोंबली, कारण जॉर्ज कॅडबरी यांच्या मालकीचें ‘डेली न्यूज’ हें पत्र दक्षिण आफ्रिकेंतील खाणींवरच्या चिनी मजुरांच्या हालांविषयीं मोठा गवगवा करीत आलें होतें. पेढीनें अब्रुनुकसानीची फिर्याद केली. मार्च १९०९ मध्यें कॅडबरी, फ्राय व राउंट्री या तीन पेढ्यांनीं सां तोमेचा कोको घेणें सोडलें, आणि डिसेंबरांत बर्मिंगहॅम येथें पंचांनीं निकाल दिला: फिर्याद खरी, भरपाई एक फार्दिंग! त्या वेळच्या हुंडणावळीनें हा आपला बरोबर एक जुना पैसा होय. बेअब्रू झाली हें खरें, पण अब्रू एवढ्याच मोलाची, असाच त्या पंचांचा भाव असावा.

मळे कांहीं बंद पडले नाहींत. त्यांस दुसरीं गिऱ्हाइकें मिळालीं. मात्र मजुरांस मायदेशीं परत पाठविण्याचें प्रमाण पुढें पुष्कळ वाढलें, हें बहिष्काराच्या पदरांत घातलें पाहिजे.

आतां शेतकऱ्यानें विशेष लक्षांत घेण्याची गोष्ट. खरेदी सोडण्याच्या आधींच पेढीनें गोल्ड कोस्ट, म्हणजे हल्लींचा घाना, येथें माल घेण्याची तजवीज चालविली होती. तेथें मळेवाले नव्हते. टेटे क्वार्शी नांवाच्या एका कारागिरानें १८७९ मध्यें कोकोचें बीं आणून लाविलें असें सांगतात. त्यानंतर लहान लहान शेतकऱ्यांनीं आपल्या हिमतीवर रान साफ करून हें पीक वाढविलें. १९११ च्या सुमारास ४० हजार टन माल बाहेर पाठवून हा देश जगांत पहिला झाला. नीट आंबवलेल्या मालास कॅडबरी अधिक भाव देत. म्हणजे मजुरांच्या गुलामगिरीपासून पेढीला जी सुटका मिळाली, ती या शेतकऱ्यांनीं दुसरा माल तयार ठेविला म्हणून मिळाली. दुसरा पुरवठा दिसत नसता तर १९०९ सालीं तरी निश्चय झाला असता काय, अशी शंका आम्हांस येते.

याच शेतकऱ्यांशीं ही पेढी पुढें कशी वागली? १९३७ मध्यें कोकोचे भाव उतरूं लागतांच युरोपीय खरेदीदारांनीं आपसांत करार करून परस्परांतील चढाओढ बंद केली. या करारांत कॅडबरी सामील होते. मजुराच्या स्वातंत्र्यासाठीं मळेवाल्याशीं संबंध तोडणारें घराणें स्वतंत्र शेतकऱ्याचा भाव दाबण्याच्या करारांत बसलें, आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें त्यास वाटल्याचें दिसत नाहीं. शेतकऱ्यांनीं काय केलें? गांवोगांवच्या प्रमुखांसह त्यांनीं माल विकणेंच बंद ठेविलें, आणि युरोपीय दुकानांतील जिन्नस घेणेंही सोडलें. हंगाम जवळजवळ संपेपर्यंत, एप्रिल १९३८ पर्यंत, ते टिकले. पैशाच्या ओढीचे ते महिने घरोघर कसे गेले असतील, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अखेर करार स्थगित झाला. चौकशीस आलेल्या नोवेल कमिशननें कराराविरुद्ध मत देऊन शेतकऱ्यांनीं एकत्र विक्री करावी अशी शिफारस केली. ती अमलांत येण्यापूर्वींच महायुद्ध सुरू झालें व सरकारच सर्व कोको घेऊं लागलें.

सन २०१९ मध्यें घाना व आयव्हरी कोस्ट या देशांनीं मिळून, कोको घेणाऱ्या कंपन्यांनीं शेतकऱ्यांकरितां टनामागें ४०० डॉलर जादा द्यावे असें ठरविलें व २०२०-२१ च्या हंगामापासून ती आकारणी लागू झाली. कंपन्यांनीं ती उघडपणें मान्य केली. परंतु या देशांच्या मालास प्रतीबद्दल जी वेगळी रक्कम मिळत असे ती इकडे घटत घटत शून्याखालीं गेली. ऑक्टोबर २०२२ मध्यें कोको-व्यापाऱ्यांच्या संस्थेनें ब्रुसेल्स येथें बैठक भरविली, तेव्हां दोन्ही देश तिला गेले नाहींत.