शोधनिबंधाचे मोल : परळमधील एका संशोधनकार्याचा पाठ

रुग्णालयास साहाय्य करणारे हितचिंतक आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. खाटा, औषधे व उपकरणे यांवर झालेला खर्च डोळ्यांना दिसतो; परंतु डॉक्टरांनी लिहिलेल्या शोधनिबंधांचा रुग्णाला उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. परळ येथेच घडलेल्या एका संशोधनकार्याच्या आधारे त्याचे उत्तर देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांनी सांभाळली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढील वर्षी बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी धोतर, चुट्टा आणि खैनी यांच्याशी निगडित कर्करोगांचे वर्णन केले. आपल्या लोकांच्या राहणीत व सवयींत रोगाचे मूळ शोधावे, ही त्यांची दृष्टी होती. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते.

१९५५ मध्ये एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि डॉ. खानोलकर यांचा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी संबंध काय, हा त्याचा विषय होता. पद्धत समजण्यास सोपी आहे. या भागांत कर्करोग झालेल्यांना आणि तो नसलेल्यांना सवयींविषयी सारखेच प्रश्न विचारावयाचे व उत्तरांची तुलना करावयाची. एखादी सवय पहिल्या गटात पुष्कळच अधिक आढळली, तर तिच्याकडे बोट दाखविण्यास आधार मिळतो.

अशा निबंधाचे वजन मोजावे कसे? योगायोग असा, की त्याच १९५५ साली अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी, कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला याची सूची करावी, अशी कल्पना मांडली. १९६४ पासून ती सूची प्रत्यक्ष निघू लागली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' सुचविला. एखाद्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला असेल आणि अकरा निबंधांना प्रत्येकी अकरा उल्लेख लाभले नसतील, तर त्याचा निर्देशांक दहा.

हे आकडे उपयुक्त आहेत, पण अपुरे आहेत. ज्या विषयात संशोधक अधिक, तेथे उल्लेखही अधिक होतात. शिवाय चुकीचे ठरविण्यासाठी केलेला उल्लेखही मोजणीत येतोच. म्हणून आम्ही आकड्यापेक्षा मागोवा महत्त्वाचा मानतो.

तो मागोवा असा आहे. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली. डॉ. दाराब जस्सावाला आणि व्ही. ए. देशपांडे यांनी १९७१ मध्ये तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाच्या दोन हजारांवर रुग्णांची इतर नागरिकांशी तुलना करून तोच प्रश्न अधिक काटेकोरपणे तपासला. मुंबईतील हे अभ्यास आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या विचारार्थ आले. तंबाखूयुक्त विडा कर्करोगजनक असल्याचा निष्कर्ष या संस्थेने १९८५ मध्ये काढला, तर २००४ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचाही त्यात स्पष्ट समावेश केला. अशा जगभरच्या पुराव्यांच्या बळावर २००३ मध्ये भारतात तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. निबंधापासून कायद्यापर्यंतची ही वाट जवळजवळ अर्धशतकाची आहे.

या वाटेवरील पहिले पाऊल मात्र शास्त्रज्ञाचे नव्हते. खाटेवर पडल्या पडल्या, "तंबाखू किती वर्षे खाता?" या प्रश्नाचे खरे उत्तर देणाऱ्या रुग्णाचे ते पाऊल होते. त्यांतील अनेकांना स्वतःला त्या उत्तराचा लाभ झाला नसेल. तो पुढच्या पिढीला झाला.

म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांना आमची नम्र विनंती आहे, की सवयींविषयी विचारले असता संकोच करू नये. विचारणाऱ्याचा हेतू दोष देण्याचा नसतो. घास गिळताना अडकू लागला, प्रथम घट्ट व मग पातळ अन्नही उतरेनासे झाले किंवा वजन घटू लागले, तर घरगुती उपायांत दिवस न दवडता तपासणी करून घ्यावी.

विश्वस्त व देणगीदार यांना आम्ही इतकेच निवेदन करू, की नीट लिहिलेला आणि जपून ठेवलेला केसपेपर हीदेखील रुग्णसेवाच आहे. अभिलेख कक्षातील कपाटासाठी दिलेले दान खाटेसाठी दिलेल्या दानाइतकेच मोलाचे आहे, असे आम्ही मानतो.