तुझ्या पाठवणीची गाडी

अगं, परवा रात्री तू पाठवलेले ते तिन्ही फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. लांबलचक पांढरी गाडी, चांदीसारखे चमकणारे गोल दिवे, बाजूला अडकवलेलं जादा चाक, वर छत नाही. "ताई, सगळ्या जणी त्याच त्या मोठ्या काळ्या गाड्यांतून सासरी जातात. मला जुन्या काळातली, वेगळी गाडी हवीय," असं तू लिहिलंस. ही हौस अगदी रास्त आहे. लग्न एकदाच होतं, आणि पाठवणीची गाडी मुलीला जन्मभर आठवते. आईसमोर हे सगळं मोकळेपणानं बोलता आलं नसतं, म्हणून निवांत बसून लिहितेय.

आधी एक गोष्ट सांगते. त्या फोटोतली गाडी मुळात जुनी नाही. खाली एखाद्या जीपचा सांगाडा असतो, वर फायबरचं अंग बसवलेलं असतं आणि रंग देऊन तिला 'विंटेज' म्हणतात. मला हे कळतं, कारण माझ्याच लग्नात तशी गाडी आणली होती. कुणाकडून आणली ते आता जाऊ दे. फोटोत ती राजवाड्यातली वाटत होती. जवळ गेले तर दाराच्या कडेला फायबरला तडा गेलेला होता आणि सीट म्हणजे रेक्झिन ठोकलेली फळी. वरात निघाल्यावर पाऊण तासात इंजिन तापलं आणि कार्यालयापासून अर्ध्या किलोमीटरवर गाडी बंद पडली. भावांनी ढकलली. मी आत मुंडावळ्या सावरत बसले होते आणि बाबा उन्हात मागून ढकलत होते. ते बाबांचं घामेजलेलं तोंड मला अजून दिसतं. तुझ्या वाट्याला ते येऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा प्रपंच.

मग खरी जुनी गाडी कोणती? लांब कशाला जायचं, आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी आहे. तू तिला बाबांचा खटारा म्हणतेस. अगं, ती पद्मिनी आहे!

तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. १९९४ साली बाबांनी ती एका वकिलांकडून जुनीच घेतली. रोलिंग मिलच्या पगारात नवी गाडी बसत नव्हती. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, फियाटचा परवाना घेऊन तिथे गाड्या बनू लागल्या. आजोबांच्या वेळची ती गोलमटोल 'डुक्कर फियाट' त्याच घराण्यातली, आणि सत्तरच्या दशकात आलेली पद्मिनी तिची धाकटी बहीण. चितोडच्या राणीचं नाव, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लावलेला हँड गिअर. चाळीस वर्षं मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. २०२३च्या ३० ऑक्टोबरला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. तुला वेगळी गाडी हवी आहे ना? आज जालन्यात अशा चालत्या पद्मिन्या किती दिसतात, तूच सांग.

आणि आपल्या एमआयडीसीत राहणाऱ्या माणसानं तरी तिची किंमत ओळखावी. आपल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं भंगार येऊन वितळतं. त्याचे बिलेट होतात, बिलेटच्या सळया होतात. बाबा सांगायचे, मिलच्या यार्डात भंगाराच्या ढिगात गाड्यांची दारं, बॉनेट, मडगार्ड ओळखू यायची. पद्मिनीचीही यायची. एकदा असंच एक दार त्यांनी ढिगातून उपसून काढलं आणि भंगाराच्या भावानं पैसे भरून घरी आणलं. आपल्या गाडीचं डावं मागचं दार तेच आहे, म्हणून त्याचा रंग किंचित वेगळा दिसतो. तू हसतेस त्या दाराला. माझ्या मते तर तुझ्या शालूइतकं मोलाचं दार आहे ते.

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराणं जुन्या मेबॅकमधून दसरा चौकात येतं, आणि गाडी दिसताच गर्दीत कुजबुज होते. ती नुसती महागड्या गाडीसाठी नसते. ती गाडी त्या घराची आहे, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली आहे, हे गर्दीला ठाऊक असतं. आपल्या घरी मेबॅक नाही, पण सांभाळलेली गाडी आहे.

आता कामाचं बोलते, नीट ऐक. मुहूर्त वैशाखातला आहे आणि आपल्याकडचा पारा तेव्हा चाळिशीच्या वर असतो. पद्मिनीला एसी नाही. म्हणून दुपारच्या वरातीत ती घालायचीच नाही. माणसाच्या चालीनं, बॅंजोच्या मागे तासभर सरकणारी गाडी हमखास तापते: इंजिन मंद फिरतं, पंखाही मंद फिरतो आणि रेडिएटरला वारा लागत नाही. वर अर्धा क्लच दाबून दाबून क्लच प्लेट जळते, ते वेगळंच. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन पंप पेट्रोल ओढेनासा होतो. जुने ड्रायव्हर अशा वेळी पंपावर ओलं फडकं ठेवतात, तेवढं एक फडकं आणि पाण्याचा कॅन डिकीत राहू दे. नवरदेवाच्या परण्यासाठी त्यांच्याकडची मंडळी घोडा म्हणोत की बग्गी, तो त्यांचा प्रश्न. आपली गाडी फक्त पाठवणीसाठी, ऊन उतरल्यावर.

आणि तीही साठ किलोमीटरवर तुझ्या सासरी, संभाजीनगरपर्यंत नव्हे. कार्यालयातून निघायचं, एमआयडीसीतून आपल्या घरावरून जायचं, आणि पुढे हमरस्त्यावर तुझ्या सासरच्यांची एसीची गाडी उभी असेल, तिथे बदलायचं. समृद्धी महामार्गावर तर तिला नेऊच नये. ताशी १२०च्या वेगात धावणाऱ्या गाड्यांमध्ये तिचं काम नाही. शिवाय सळयांचे ट्रेलर अंधार पडल्यावर रस्त्यावर असतात, मागे लाल फडकं बांधलेलं असलं तरी सळया बाहेर आलेल्या असतात. म्हणून दिवेलागणीच्या आत निघायचं.

जुन्या जालन्यातल्या मिस्त्रींशी मी बोलले आहे. ते म्हणाले, दोन महिने हाताशी हवेत. ब्रेक, टायर, रेडिएटरचे पाइप, वायरिंग, कार्ब्युरेटर, एवढं सगळं बघतील. पेट्रोलच्या रबरी नळ्या सरसकट बदला, असं त्यांनी बजावलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. गळती झाली आणि शेजारी कुणी फटाक्यांची लड लावली तर? म्हणून गाडीच्या आसपास फटाका नको. हे मी नवरदेवाच्या मित्रांना स्वतः सांगेन, तू काळजी करू नकोस.

कागदपत्रंही बघून ठेवलीत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. बाबांनी ते वेळेवर केलंय आणि हिरवा करही भरलेला आहे. विमा आणि पीयूसी मात्र चैत्रात संपतायत, ते आधी उरकू. आणि समजा, मिस्त्री नाही म्हणाले आणि दुसरी गाडी भाड्यानं घ्यायची वेळ आलीच, तर हे लक्षात ठेव. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्यानं देणं कायद्यात बसत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी होते, त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात, आणि त्या पैसे घेऊन फिरवता येत नाहीत. तेव्हा कुणी 'नोंदणीकृत विंटेज भाड्यानं' म्हणालं तर तिथून निघ. नात्यातल्या कुणाची अॅम्बॅसेडर मिळाली तर ती दुसऱ्या नंबरला चालेल. तिचं छत उंच, मागची सीट रुंद, फेट्याचा तुरा वाकत नाही.

हो, हाही मुद्दा आहेच. पद्मिनी अॅम्बॅसेडरपेक्षा लहान आहे. पाचवारी शालूचा घेर, हार, शेजारी नवरदेव आणि करवली, इतकं मागे मावायला दाटी होईल. करवलीला पुढे माझ्याजवळ बसवू. गाडीला चिकटपट्टीनं फुलं लावायची नाहीत, रंग निघतो; मऊ सुतळीनं शेवंतीच्या माळा आरशांना आणि बंपरला बांधू. रंग आहे तोच ठेवायचा, बाबांची ती क्रीम कलरची छटा. डाव्या दारालाही हात लावायचा नाही.

गाडी चालवेल कोण, हा शेवटचा प्रश्न. आजकालच्या पोरांना हँड गिअर येत नाही. बाबा म्हणतील मी चालवतो, आणि मला वाटतं त्यांना चालवू द्यावं. मुलीला सासरी पोहोचवताना वडिलांना रडू आवरत नाही, पण हातात स्टिअरिंग असलं की माणूस समोर बघतो. त्यांचे डोळे भरून आले तर मी शेजारी बसलेली असेनच.

बाबांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तू सांगायचंस. रविवारी सकाळी नऊच्या आत ये, ऊन चढायच्या आधी शेडमधून गाडी बाहेर काढू. येताना शालू घेऊन ये. तो नेसून मागच्या सीटवर बसता-उतरता येतं का, ते आधी बघू.