तिकिटावरचे पाच तास

प्रश्न : लेकीकडे लंडनला निघाले आहे. जुलैच्या तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी १ आणि पोहोचण्याची संध्याकाळी ६ आहे. प्रवास पाचच तासांचा? परतीला वेळ कमी का लागतो?
– एक आई, बदलापूर गाव

उत्तर : ताई, तिकिटावर त्या-त्या शहराची स्थानिक वेळ छापतात. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. जुलैचे साडेचार तास पाचात मिळवा. सुमारे ७,२०० किलोमीटरच्या प्रवासाला साडेनऊ तास लागतील. परतताना उंचावरचे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे विमानाला मागून रेटतात, म्हणून साधारण तासभर वाचतो. विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. बदलापुरातून सकाळीच निघा. लेकीला फोन करताना घड्याळातून उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास वजा करा, म्हणजे तिची झोपमोड होणार नाही.